पिंजऱ्यातील शुक आणि श्रावकाचे व्रत

आपल्याकडील जुन्या घरांच्या ओसरीवर तारेचा पिंजरा टांगलेला असणे ही एके काळी नित्याची गोष्ट होती. त्यातील राघूला मोठ्या हौसेने णमोकार मंत्र शिकविला जाई आणि त्याने तो म्हटला की घरादाराला धन्यता वाटे. त्याला पेरूची फोड, हिरवी मिरची, भिजविलेली डाळ वेळेवर मिळे. घरातील मंडळींच्या मनात त्याच्याविषयी द्वेष नव्हता, प्रेमच होते. म्हणूनच हा विषय सूक्ष्म आहे. प्रेमाने ठेवलेला बंदिवान हा बंदिवानच की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वी विचारलेला आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या इतिहासाकडे दृष्टिक्षेप टाकणे उचित ठरेल.

आरंभ भगवान नेमिनाथांपासूनच करावा लागतो. राजीमतीशी विवाह करण्यासाठी निघालेल्या राजकुमार अरिष्टनेमींनी वाटेत कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे फिरविला, ही कथा आबालवृद्धांना ठाऊक आहे. मात्र उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात या प्राण्यांच्या वाड्यांबरोबर पिंजऱ्यांचाही उल्लेख आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ते जीव भोजनासाठी मारले जाणार होते हे खरे. परंतु नेमिकुमारांची दृष्टी प्रथम त्यांच्या कोंडलेपणावर आणि भयावर पडली. वध पुढे व्हावयाचा होता, दुःख मात्र तेव्हाच चालू होते.

पुढे आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. या पाचांत बंधाला पहिले स्थान आहे. सर्वार्थसिद्धी या टीकेत आचार्य पूज्यपादांनी बंधाचा अर्थ नेमका केला आहे. जीवाला इष्ट असलेल्या ठिकाणी जाण्यास जे अडथळा करते, तो बंध. येथे दोर, बेडी किंवा साखळी यांची अट नाही. पोपटाला आकाश इष्ट आहे, थव्यातील सोबती इष्ट आहेत, संध्याकाळी रातथाऱ्याच्या वृक्षाकडे परतणे इष्ट आहे. पिंजरा पितळेचा असो वा चांदीचा, तो ही वाट अडवितो. उडू नये म्हणून पोपटाची पिसे कातरली जातात, तेव्हा त्या कृत्याचे छेदाशी असलेले नातेही विचारी श्रावकाला जाणवल्यावाचून राहणार नाही.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी गुजरातचा राजा कुमारपाल याच्यासाठी योगशास्त्राची रचना केली. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांचे, म्हणजे पापबहुल व्यवसायांचे, विवेचन आहे. त्यांतील असतीपोषण या व्यवसायाचे स्पष्टीकरण करताना आचार्यांनी धनासाठी जे जीव पाळू नयेत त्यांची नावे घेतली आहेत आणि त्यांत सारिका व शुक म्हणजे मैना आणि पोपट यांचा स्पष्ट निर्देश आहे. यावर कोणी म्हणेल की हा निषेध विक्रेत्यासाठी आहे, हौसेने पाळणाऱ्यासाठी नाही. परंतु आपल्या शास्त्रात कृत, कारित आणि अनुमोदित असे कर्माचे तीन मार्ग सांगितले आहेत. घेणारा नसेल तर पारधी झाडाच्या ढोलीत हात कशाला घालील? मूल्य देणारा हात हा कारित दोषाचा धनी होतो.

इतिहासातील एक प्रसंग येथे आवर्जून सांगितला पाहिजे. 1582-83 च्या सुमारास आचार्य हीरविजयसूरी गुजरातेतील गंधार बंदराहून पायी विहार करीत फतेहपूर सिक्रीस गेले आणि त्यांनी बादशहा अकबराला अहिंसेचा उपदेश केला. त्याचा परिणाम म्हणून पर्युषणाच्या काळात प्राणिहत्येस बंदी झाली, बंदिवानांची सुटका झाली आणि पिंजऱ्यातील पक्षीही मुक्त करण्यात आले. ज्या दरबारात 1560 च्या सुमारास पोपटाच्या तोंडून कथा वदविणारा ‘तूतीनामा’ हा ग्रंथ शेकडो चित्रांनी सजविला गेला, त्याच दरबारातून पिंजरे उघडण्याची आज्ञा निघाली.

पोपटाच्या बंधनाचा दृष्टांत अध्यात्मातही रूढ आहे. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट बसतो, भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि आपण बांधलो गेलो आहोत असे समजून नळी घट्ट धरून ठेवतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा दृष्टांत आहे आणि छहढालाकार पंडित दौलतरामजींच्या पदातही तो येतो. जीवाच्या मोहाची ही खूण सांगताना आपल्या पूर्वसूरींनी पक्षी धरण्याची क्रूर रीत डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे.

केवळ उपदेशावर आपला समाज थांबला नाही. मुंबईत 1834 मध्ये जमशेदजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. त्याची सध्याची इमारत 1957 ची. तेथील एक नियम मननीय आहे. बरा झालेला पक्षी आणणाऱ्याला परत दिला जात नाही, तो आकाशात सोडला जातो.

देशाचा कायदाही त्याच दिशेने आला आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातील पोपटांना संरक्षण दिले आणि 1990-91 पासून भारतीय पक्ष्यांचा व्यापार बंद आहे. गळ्याभोवती गुलाबी कडे असलेला आपला नेहमीचा राघूही यातून सुटत नाही.

आता एक कटू गोष्ट नम्रपणे मांडावीशी वाटते. पर्युषणात किंवा महावीर जयंतीला बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. भावना निर्मळ असते. पण दिलेल्या पैशांतून पारध्याचे नवे जाळे विणले जाते. सोडलेले पक्षी थकलेले, कधी पंख कातरलेले असतात आणि त्यांतील कित्येक पुन्हा पकडले जातात. आपल्या दानामुळे चार पक्षी सुटले आणि त्यांच्यासाठी चाळीस पकडले गेले, तर त्याचा हिशेब कोणाच्या खाती लिहावा? तसेच लहानपणापासून घरात वाढलेल्या पोपटाला एकाएकी दार उघडून देणे ही दया नव्हे. त्याला अन्न शोधता येत नाही, मांजर व घार ओळखता येत नाही. असा पक्षी वनविभागाच्या स्वाधीन करावा, म्हणजे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याचे पुढील जीवन ठरेल.

बाजारातून पक्षी न घेणे, मुलांच्या हट्टाला शांतपणे नकार देणे, सोडण्यासाठीही खरेदी न करणे आणि तोच पैसा जखमी पक्ष्यांच्या उपचाराकडे वळविणे, एवढे चार नियम घराघरांत पाळता येण्याजोगे आहेत. अंगणात पेरूचे किंवा जांभळाचे झाड असेल तर थवा आपण होऊन येतो, फळे खातो आणि उडून जातो. ज्येष्ठांनी नातवंडांना तो थवा दाखवावा आणि ओसरीवरचा रिकामा पिंजरा माळ्यावर न ठेवता मोडीत काढावा, ही सर्व श्रावक-श्राविकांना सविनय विनंती.