मिरजेच्या तंबोऱ्याची वाटचाल

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ साली झाली. मिरजेच्या तंतुवाद्यांनी मात्र या परिसराचे नाव त्याआधीच देशभरच्या मैफलींत पोहोचवले होते.

या कलेची सुरुवात १८५० च्या सुमारास झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्याचा पिढीजात व्यवसाय राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्या तसा मंदावला. त्या घराण्यातील फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतः सतार-तंबोरे घडवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय लाभला. ‘सतारमेकर’ हे आडनाव या व्यवसायातूनच रूढ झाले.

गाव गाण्याचे होते, हेही भाग्यच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना इथेच शिकवले. अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. कारागिराच्या कामाची पारख करणारा कान असा हाकेच्या अंतरावर होता.

तंबोऱ्याचा जन्म शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी कडू भोपळे खास वाद्यांसाठी पिकवतात. भोपळा पूर्ण वाळल्यावर तो कापून, भिजवून, आकार देऊन त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसते. दांडी, खुंट्या, नक्षी, पॉलिश ही कामे वेगवेगळ्या हातांतून जातात. शेवटी तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानसेने घासून, तारेखाली सूत सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावतात. तिथे माप चालत नाही, कानाला पटेपर्यंत घासत राहावे लागते. ही जाण यायला वर्षे जातात, म्हणून जवारीचे काम बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांकडेच असते.

१९८० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, पुढे तो मोबाइलमध्येही शिरला. मागणी घटली, चांगले लाकूड महागले. अनेक घरांतली मुले कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत ठरलेल्या पगारावर रुजू झाली. तो निर्णय त्यांनी नाइलाजाने घेतला, कलेविषयीच्या अनास्थेने नव्हे. तरीही ज्यांनी पटाशी आणि कानस खाली ठेवली नाही, त्यांच्यामुळे काम टिकले.

विखुरलेले कारागीर मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या रूपाने एकत्र आले. मार्च २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मानांकन क्लस्टरच्या, तर तंबोऱ्याचे सोलट्यून या कारागिरांच्या उत्पादक संस्थेच्या नावे आहे. आता दुसरीकडे बनवलेले वाद्य मिरजेच्या नावाने विकता येणार नाही. मिरजेत घडलेली वाद्ये आजही देश-परदेशांत जातात आणि गवई नवा तंबोरा पारखायला स्वतः मिरजेत येतात.