बाटलीच्या गळ्यातली गोटी

सोडा तयार करणं माणसाला लवकर जमलं. तो बाटलीत कोंडून ठेवणं जमायला पुढची शंभर वर्षं जावी लागली.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टलीच्या घराला लागूनच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू साचून राहायचा. १७६७ मध्ये प्रीस्टलीने तो पाण्यात मुरवून पाहिला, तर पाणी आंबूस आणि जिभेला चुणचुणणारं झालं. खडूवर गंधकाम्ल टाकून हा वायू कसा मिळवायचा आणि पाण्यात कसा उतरवायचा, याची कृती त्याने १७७२ मध्ये छापून सगळ्यांना मोकळी केली. त्या कृतीतून धंदा उभा केला तो जिनिव्हाच्या याकोब श्वेप्पने, १७८३ मध्ये. पुढे १७९२ साली तो लंडनला आला.

अडचण सुरू झाली ती इथून. वायू पाण्यात राहतो तो दाबाखाली. जितका दाब, तितका वायू मुरतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. म्हणजे बाटलीच्या तोंडाशी जरा फट राहिली की दाब गेला, आणि दाब गेला की उरतं ते नुसतं पाणी. तोंडाला बूच होतं कॉर्कचं. बाटली उभी ठेवली की कॉर्क वाळतं, आकसतं आणि वायू हळूहळू निघून जातो. कॉर्क घट्ट ठोकून तारेने बांधलं तरी काही दिवसांत तीच गत. १८०९ मध्ये हॅमिल्टन नावाच्या माणसाने वेगळाच उपाय काढला: बाटलीचं बूडच टोकदार करायचं. अशी बाटली उभी राहूच शकत नाही. ती आडवीच पडून राहते आणि आतल्या पाण्याने कॉर्क ओलं राहतं. पण एक घोट घेऊन बाटली मेजावर ठेवायची कशी, याचं उत्तर त्यात नव्हतं.

हायरम कॉड हा कॉर्कच विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. १८३८ चा जन्म. सोड्याच्या कारखान्यांत बुचं विकत फिरताना त्या बुचांची रड त्याने जवळून पाहिली असणार. १८७० च्या सुमारास त्याने आपल्या कल्पनेची पेटंटं घ्यायला सुरुवात केली आणि १८७२ मध्ये ती बाटली पक्की झाली. आपण जिला गोटी सोड्याची बाटली म्हणतो ती हीच.

तिची करामत अशी की बाहेरून बूच लावायचंच नाही. काचेची गोटी बाटली घडवतानाच गळ्यात अडकवलेली असते. तोंडाशी आतल्या बाजूने एक खाच, त्या खाचेत रबराची कडी. भरताना बाटली यंत्रात उलटी करतात. गोटी घरंगळून कडीवर बसते आणि आतला वायू तिला तिथेच दाबून धरतो. बाटली सरळ केली तरी गोटी पडत नाही. वायू जितक्या जोराने बाहेर पडू पाहील, तितकी गोटी कडीवर घट्ट बसणार. जो शत्रू बूच उडवायचा, त्यालाच कॉडने राखणीला बसवलं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी सरळ, इतकी स्वस्त युक्ती क्वचित सापडते. उघडताना लाकडी खुंटीने किंवा अंगठ्याने गोटी खाली दाबायची; फट्कन आवाज होतो आणि गोटी गळ्याच्या कप्प्यात उतरते. ओतताना ती परत तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला एका बाजूने दोन खळगे असतात. ती बाजू खाली धरली की गोटी तिथे अडकून राहते.

बार्न्सलीच्या काचकारखानदार बेन रायलंड्सशी कॉडने भागीदारी केली आणि बाटली ब्रिटिश साम्राज्यभर गेली. तिकडे पोरं गोट्यांसाठी बाटल्या फोडायची. आपल्याकडेही तेच झालं. मुंबईत पालनजी (१८६५) आणि ड्यूक (१८८९), पुण्यात अर्देशीर (१८८४) असे पारशी-इराणी मंडळींचे सोडा-लेमोनेडचे कारखाने उभे राहिले. गोटीची बाटली मात्र जत्रांत, एसटी स्टँडांवर, तालुक्याच्या बाजारात रमली. दंगलीत फेकण्याचं हत्यार म्हणूनही सोडावॉटरच्या बाटलीने नाव कमावलं, आणि त्यामागे खरं शास्त्र आहे. उन्हाळ्यात भरलेल्या बाटलीतला दाब बाहेरच्या हवेच्या चार-पाच पट होतो. मोटारीच्या चाकातही इतका नसतो. ऊन वाढलं की पाण्यातला वायू सुटू लागतो आणि दाब आणखी चढतो.

काच हा दाब पेलते, पण तिच्या अटी आहेत. घडवल्यावर ती भट्टीत सावकाश निवू दिली नाही तर अंगात ताण राहून जातो. परत परत वापरल्याने चरे पडतात. तापलेल्या बाटलीवर गार पाणी ओतलं, भरलेली बाटली लोखंडी कडेवर आपटली, की त्या चऱ्यापासून तडा धावतो आणि काचा सुटतात. त्यांचा पहिला बळी गिऱ्हाईक नव्हतं, भरणारा कामगार होता. डोळे गेले, हाताच्या शिरा तुटल्या. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या धंद्याला धोक्याचा धंदा ठरवून कारखाना-कायद्याखाली खास नियम झाले: यंत्राला आडोसा हवा, कामगाराच्या तोंडावर जाळीचा मुखवटा हवा, हातांना लांब मोजे हवेत. या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा हाच. गोटीचं पेटंट एका माणसाने घेतलं. मुखवटा मात्र जखमी झालेल्या कित्येकांनी मिळवून दिला.

गोटी हरली ती दुसऱ्याच कारणाने. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने २ फेब्रुवारी १८९२ रोजी कातरलेल्या कडेच्या पत्र्याच्या झाकणाचं पेटंट घेतलं; आत कॉर्कची पातळ चकती. पुढे १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्सच्या यंत्राने एकसारख्या तोंडाच्या बाटल्या भराभर पाडल्या आणि हे झाकण सगळीकडे बसू लागलं. ते एकदा वापरून फेकायचं, म्हणून दर वेळी कोरं. शिवाय बाटलीचं तोंड मोकळं, आत ब्रश फिरतो. गोटीच्या बाटलीत गळ्याच्या कप्प्यापलीकडे ब्रश जात नाही, रबराच्या खाचेत साखर आणि मळ साचतो, आणि तीच गोटी, तीच कडी शेकडो ओठांसाठी राबते. वायू राखण्यात कॉड कुठे कमी पडला नाही. स्वच्छतेत पडला, आणि पेयाच्या बाबतीत तो दोष लहान म्हणता येत नाही. नंतर प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्या फुटून काचा उडवत नाहीत, म्हणून भरणाऱ्याचा जीव वाचला.

तरीही गोटी जगली. जपानमध्ये रामुने नावाचं पेय याच बाटलीत विकतात. अलीकडे भारतातूनही गोटी सोडा परदेशी निघाला आहे. त्याला माझा विरोध मुळीच नाही. बाटली गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने धुता येते, रबर ठरावीक काळाने बदलता येतं, पाणी गाळून-शुद्ध करून भरता येतं. या तीन गोष्टी करणारा सोडावाला कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या तोडीचा माल देऊ शकतो.

कोपऱ्यावरच्या गाडीवर चाक फिरवून बाटल्या भरणाऱ्याच्या तोंडावर मात्र अजून काहीच नसतं. सोडा घ्या, फट्कन फोडा, रबर काळं पडलेलं दिसलं तर बाटली परत करा. आणि गाडी तुमच्या नेहमीची असेल तर त्या भरणाऱ्याला एक जाळीचा मुखवटा किंवा सुरक्षा चष्मा आणि कातडी हातमोजे घ्यायला सांगा. जमलं तर आणूनच द्या.