कारोय टाकाच : हुद्दा, अपंगत्व आणि नेमबाजी

क्रीडा-इतिहासाच्या लेखनात दंतकथा आणि नोंद यांची सरमिसळ वारंवार आढळते. हंगेरीचे लष्करी अधिकारी व पिस्तूल नेमबाज कारोय टाकाच (१९१०-१९७६) यांचे चरित्र हे त्याचे ठळक उदाहरण होय. आपल्याकडे 'कॅरोली टाकाक्स' या नावाने ते प्रेरणादायी व्याख्यानांतून परिचित आहेत. मात्र तेथे त्यांचे आयुष्य १९३८ च्या अपघातापासूनच सुरू होते. त्यापूर्वीचा एक महत्त्वाचा अडथळा त्यामुळे दुर्लक्षित राहतो.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी टाकाच हे उत्तम नेमबाज होते व त्यांचे दोन्ही हात शाबूत होते. तथापि ते सार्जंट होते आणि केवळ कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांनाच स्पर्धेत उतरता येईल, असा हंगेरियन लष्कराचा नियम होता. त्यांना संघात स्थान मिळाले नाही. याच बर्लिनमध्ये गुडघ्याखाली एक पाय नसलेले ऑलिवेर हालाशी हंगेरीच्या वॉटर पोलो संघातून खेळले व त्यांनी सुवर्णपदक मिळविले. म्हणजे शरीरातील उणीव आड आली नाही. आड आला तो हुद्दा. टाकाच यांना 'पहिला अपंग ऑलिंपिकपटू' म्हणणारे लेखन हालाशींच्या या एका नोंदीपुढे टिकत नाही.

बर्लिननंतर हा निर्बंध उठला. परंतु १९३८ मध्ये लष्करी सरावात सदोष हातबॉम्ब फुटून टाकाच यांचा उजवा हात निकामी झाला. सुमारे महिनाभर रुग्णालयात काढल्यावर त्यांनी गुपचूप डाव्या हाताने सराव आरंभिला आणि १९३९ मध्ये राष्ट्रीय पिस्तूल अजिंक्यपद जिंकले. या यशाचे मोल कळण्यासाठी स्पर्धेचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. जलदगती पिस्तूल प्रकारात २५ मीटरवरील पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडावयाच्या असतात, त्याही आठ, सहा व अखेरीस अवघ्या चार सेकंदांत. तेथे विचारास अवसर नसतो, सवयच काम करते; आणि उजव्या हाताची सवय डाव्यात आपोआप उतरत नाही.

१९४० व १९४४ ची ऑलिंपिके महायुद्धामुळे झालीच नाहीत. १९४८ मध्ये लंडनला ३८ वर्षांच्या टाकाच यांनी ६०० पैकी ५८० गुण मिळवून विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकाविले. अर्जेंटिनाचे विश्वविजेते दियाझ साएन्झ व्हालियेन्ते ५७१ गुणांवर राहिले. "शिकण्यासाठी आलो आहे" या टाकाच यांच्या तोंडच्या उद्गाराचा किस्सा सर्वत्र सांगितला जातो. चरित्रकाराने तो किस्सा म्हणूनच नोंदवावा. गुणपत्रिका अधिक बोलकी आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७९ गुणांसह त्यांनी सुवर्णपदक राखले, तेही सहकारी सिलार्ड कुन यांच्यापेक्षा केवळ एका गुणाच्या आघाडीने.

१९५६ च्या मेलबर्न स्पर्धेत ते आठवे आले. हुद्द्यापायी एकदा वगळला गेलेला हा सार्जंट लष्करातून निवृत्त झाला तेव्हा लेफ्टनंट कर्नल होता.