देहूची पहिली आरती

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांच्या पालखीचं प्रस्थान होतं, पण त्या रात्री पालखी देहूबाहेर जात नाही. मुक्काम इनामदार वाड्यात. खरी चाल अष्टमीची. आणि वाटेतली पहिली अभंग-आरती कुठे? अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. इ. स. १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी पालखी सुरू केली. त्या सोहळ्यात आपली दिंडी शंभर वर्षं चालते आहे.

दिंडीत नवीन आलेलं पोरगं दर वर्षी विचारतंच, "माउली, वारी विठोबाची, मग दर्ग्यावर आरती का?" त्याला रागावू नये. कथा सांगावी.

वाघोलीचे रामेश्वरभट्ट तुकोबांचे कडवे विरोधक. गाथा इंद्रायणीत बुडवायला लागली ती त्यांच्यामुळेच. महिपतीबुवांनी लिहिलेल्या कथेनुसार पुढे हे भट्ट पुण्यात अनगडशहा फकिराच्या ठिकाणी पाण्यात उतरले, फकीर रागावला आणि भट्टांच्या अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या शमेना. आळंदीला माउलींपाशी धरणं धरलं, तर दृष्टांत झाला की तुकोबांना शरण जा. तुकोबांनी अभंग पाठवला आणि दाह निवाला. पुढे फकीरही परीक्षा घ्यायला देहूला आला. तुकोबांच्या लेकीनं त्याच्या कटोऱ्यात जरासं पीठ घातलं, तर कटोरा भरून वाहिला. मग तोही तुकोबांचाच झाला.

आता बघा, आपण तुकोबांची जी आरती रोज म्हणतो, ती या रामेश्वरभट्टांची. फकिराच्या निमित्तानं विरोधक शरण आला आणि त्यानं आरती रचली. माझ्या मते त्या थांब्यावर आपण उपकार करत नाही, उपकार फेडतो.

अनगडशहा एकटे नव्हेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले. त्यांचे गुरू चांद बोधले. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा मानते.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं सांगतो. मुसलमानी महिना चंद्र दिसल्यावर लागतो, म्हणून त्यांची दहावी तारीख आपल्या एकादशीच्या आसपास पडते. २०२२ आणि २०२३ साली आषाढी आणि बकरीद एकाच दिवशी आली. कुर्बानी तीन दिवसांत कधीही चालते. तेव्हा पुष्कळ गावांतल्या मुस्लिम मंडळींनी ती एकादशीला न करता पुढे ढकलली. कुणी दंडुका घेऊन उभं नव्हतं, बैठका घेऊन आपणहून ठरवलं. २०२३ ला आपला अधिक श्रावण आला. त्यांच्यात अधिक महिना नाही, त्यामुळे २०२४ आणि २०२५ ला आषाढीच्या दिवशी मोहरमची दहावी आली. एकीकडे टाळ, एकीकडे ताजिये.

या गोष्टीची नोंद आपल्या जुन्या वह्यांत नाही. मुक्काम, पंगती, शिधा, भिशीचा हिशेब, सगळं लिहिलेलं. गावोगाव पाणी कुणी पाजलं ते नाही. म्हणून या ग्रंथात मुद्दाम लिहून ठेवतो. ईद आणि आषाढी पुन्हा एका दिवशी येतील ती साधारण बत्तीस वर्षांनी, २०५४ च्या आसपास. तेव्हा वीणा कुणाच्या गळ्यात असेल, पांडुरंग जाणे.