चार माहेरं आणि एक टेम्पो



इतिहासाच्या पुस्तकात बाईचं सासर तेवढं असतं. अहिल्याबाई म्हटलं की होळकरांचं महेश्वर, सावित्रीबाई म्हटलं की पुणे, जिजाऊ म्हटलं की शिवनेरी आणि राजगड. त्या जिथं रांगल्या, जिथून डोक्यावर अक्षता घेऊन निघाल्या, ती गावं एका ओळीत उरकतात. गेल्या उन्हाळ्यात मी ती गावं बघून आले. आमचे हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जुना टेम्पो घेतला, मागं फळीची खाट ठोकली, शेगडी, पाण्याचा पिंप आणि पडदा बसवला. शहरात अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आमच्या आळीत त्याला ‘बिऱ्हाड’ असं नाव पडलं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी गाडीवर संसार पिढ्यान्‌पिढ्या नेलाय, त्यामुळं कुणाला त्याचं नवल नव्हतं. नवल एवढंच, की आम्ही कामाशिवाय चाललो होतो.

पहिला मुक्काम नायगाव, सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. खंडोजी नेवसे पाटलांच्या घरात 3 जानेवारी 1831 ला सावित्रीबाई जन्मल्या. ते घर आता नीट करून ठेवलंय. 1840 मध्ये नऊ वर्षांची ही पोर तेरा वर्षांच्या जोतीरावांशी लग्न होऊन गेली, तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पुढं जोतीरावांनी शिकवलं आणि 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते वेगळं. 1856 च्या ऑक्टोबरात त्या आजारी होऊन याच घरी आल्या होत्या आणि इथून त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं. ज्या घरातून निरक्षर निघाल्या, त्याच घरात सोळा वर्षांनी बसून पत्र!

त्या पत्रात भांडण आहे, तेही सख्ख्या भावाशी. महार-मांगांना शिकवून तुम्ही दोघं कुळाला बट्टा लावता, असं भाऊ म्हणाला. आजारी बाई, खाट माहेरची, अन्न माहेरचं. आपल्यातल्या किती जणी अशा वेळी बोलतील? सावित्रीबाईंनी तिथंच त्याला सुनावलं, समजावलं, आणि त्या लिहितात की शेवटी भावाला पश्चात्ताप झाला. नायगावातूनच 1868 मध्ये दुसरं पत्र गेलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं, ती गरोदर राहिली, आणि लोक दोघांना गावातून फिरवून मारायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती घालून लोकांना थांबवलं आणि त्या दोघांना जोतीरावांकडे धाडलं. माहेरपणाला आलेली लेक गावाच्या आड उभी राहिली. अशा बातम्या आजही पेपरात येतात, फक्त धावत जाणारी बाई क्वचित असते.

तिथून बारामती-भिगवणकरून पळसदेव. हा माझा हट्ट. भीमेवर उजनीचं धरण झालं, 1980 च्या सुमारास पुरं झालं, आणि काठची गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवाचं हेमाडपंती मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. माझं माहेर त्याच काठचं. आमची चूल, जातं, परसातली चिंच, सगळं तिथं खाली आहे. मोबदल्याच्या कागदावर आमच्या घरातल्या पुरुषांची नावं लागली, आईचं आणि आम्हा बहिणींचं नाव कुणी विचारलंही नाही. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलांच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका हक्क मिळाला, पण तोवर आमची जमीन तळाला होती. म्हणून सांगते, हक्कसोड पत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या. पुरा कागद. ह्यांनी मला चिखलातून मंदिराजवळ नेलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

मग चौंडी, जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी. माणकोजी शिंदे पाटलांची लेक अहिल्या इथं 31 मे 1725 ला जन्मली. 1733 मध्ये तिचं खंडेराव होळकरांशी लग्न झालं. वडिलांनी तिला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं, असं सांगतात. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर 1795 पर्यंत जवळपास अठ्ठावीस वर्षं तिनं राज्य केलं. महेश्वरात विणकर आणून वसवले, आणि महेश्वरी लुगडं आजही विकलं जातं. बचत गटाच्या बायकांनी हे ध्यानात ठेवावं: तिनं दानधर्म केला तसा रोजगारही उभा केला. आपण देवळं-घाटच मोजत बसतो. चौंडीच्या गढीत फिरताना मला मात्र आठ वर्षांची पोरच दिसत होती.

शेवटी सिंदखेड राजा, बुलढाणा जिल्हा. लखुजी जाधवरावांचा राजवाडा. 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ इथं जन्मल्या. या माहेराची गोष्ट सगळ्यांत जड. निजामशाहीच्या दरबाराबाहेर हत्ती बिथरला, त्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर उठले. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी आणि शहाजीराजांचा चुलत भाऊ संभाजी, दोघे त्यात गेले. म्हणजे बाईचं माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला. पुढं 1629 मध्ये निजामशहानं दौलताबादेत लखुजींना मुलांसह दग्यानं मारलं. मैत्रिणींनो, महिने मोजा. शिवबांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. बाप-भाऊ गेल्याची खबर आली तेव्हा जिजाऊ पोटुशी होत्या, आणि डोहाळे पुरवायला जायचं ते माहेर उजाड झालं होतं. लखुजींची समाधी गावात आहे, चांगली मोठी. तिथं मी ओटी भरल्यासारखे तांदूळ ठेवले. रीत आहे का, माहीत नाही.

जायचं मनात असेल तर 3 आणि 12 जानेवारीला नायगाव आणि सिंदखेडला फार गर्दी असते. त्या दिवशीचा उत्साह बघायचा तर तेव्हा जा, घर निवांत बघायचं तर दुसऱ्या दिवशी. पळसदेवचं मंदिर एप्रिल-मेमध्येच, तेही पाणी उतरलं तर. वाटेत बायकांसाठी संडास कुठं आहे ते आधी विचारून ठेवा, आम्ही पेट्रोल पंपांवर थांबत गेलो. पाच-सहा जणी मिळून गाडी ठरवली तर खर्च वाटून जातो. आणि नायगावला गेलात तर बरोबर पोरींना न्या.