खडूचा कडा, २ ऑगस्ट १९०९

व्हिक्टोरिया स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. आज सोमवार, ऑगस्टमधली बँक हॉलिडेची सुट्टी. निम्मे लंडन समुद्राकडे निघाले आहे आणि त्या लोंढ्यात तुम्ही आहात: पुण्याच्या फर्ग्युसनमधून बाहेर पडून साउथ केन्सिंग्टनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झालेले, डोक्यावर गवती हॅट, हातात घरमालकीणबाईंनी बांधून दिलेले चीज-काकडीचे सँडविच. तुम्ही मांस खात नाही याचा अर्थ तुम्ही आजारी आहात, असे त्या माउलीचे अजूनही प्रामाणिक मत आहे.

थर्ड क्लासचा डबा भरला, तरी तुमच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहते. कारण तुम्हाला ठाऊक आहे. महिन्यापूर्वी, १ जुलैच्या रात्री, इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्राने सर विल्यम कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. ती इमारत तुमच्या कॉलेजच्या अगदी लगत. तेव्हापासून लंडनमधला प्रत्येक हिंदी विद्यार्थी लोकांच्या नजरेत आहे. धिंग्राला फाशीची शिक्षा झाली आहे. १७ तारखेला ती अमलात येईल. समोरचे गृहस्थ मात्र ब्लेरिओवर बोलताहेत. आठ दिवसांपूर्वी तो फ्रेंच माणूस विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला उतरला, तेव्हापासून इंग्रजांना आपले बेट जरा कमीच सुरक्षित वाटू लागले आहे. तुम्ही खिडकीबाहेर बघा. बघण्यासारखे बरेच आहे.

मर्स्टॅमच्या बोगद्याच्या आसपास रुळांच्या कडेची माती पांढरीफटक होते. मग ती नाहीशी होते. मैलोन् मैल हिरवी, चिकणमातीची, ओकच्या झाडांची उतरण. ऊज नदीवरच्या ३७ कमानींच्या पुलावरून गाडी जाते, पण त्या कमानी गाडीत बसलेल्याला कधीच दिसत नाहीत. पुढे ल्यूइसला डोंगर पुन्हा पांढरे, खडूच्या खाणींनी कोरलेले. एकेकाळी हा पांढरा थर इकडून तिकडे सलग होता. जमीन मधोमध घुमटासारखी फुगली, घुमटाचा माथा झिजून वाहून गेला, दोन काठ तेवढे उरले. तुमची गाडी त्या गेलेल्या डोंगराखालून आली आहे.

ईस्टबोर्नला उतरलात की स्टेशनातूनच मीड्सची मोटारबस घ्या. १२ एप्रिल १९०३ ला गावाच्या नगरपालिकेने ती सुरू केली. नगरपालिकेची मोटारबस जगात त्याआधी कुठेच नव्हती. मीड्सच्या ज्या वस्तीत ती सोडते तिथेच जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली शेवटची वर्षे राहिले आणि १८९५ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये साम्यवादी विचारवंत एंगल्सच्या अस्थी इथल्याच समुद्रात, होडीतून नेऊन विसर्जित केल्या. दोन महिन्यांत एवढी दोन माणसे एका गावाच्या पदरी पडली, आणि आजही गावाला अभिमान आहे तो समुद्रासमोरच्या बागांचा.

आता चढण. पायाखाली मेंढ्यांनी खुरटवलेले गवत, वर नुसता वारा, झाडाचा पत्ता नाही. सिंहगड चढलेल्याला ही चढण म्हणजे काहीच नाही. पण गड चढताना वर दरवाजा येतो, बुरूज येतो. इथे काहीच येत नाही. गवत चालत जाते आणि एकदम संपते. बीची हेड. ५३० फूट सरळ खाली समुद्र.

पोटावर झोपून, काठापासून हात राखून, खाली बघा. ती ४३ मीटर उंचीची दीपगृहाची मनोरी इथून हातात उचलून घ्यावीशी वाटते. सात वर्षांपूर्वी ती उभी राहिली. कॉर्नवॉलहून आणलेला ३,६६० टन ग्रॅनाइट याच कड्यावरून तारेच्या दोरावर लटकवत समुद्रात उतरवला. एवढा खटाटोप का? कारण पश्चिमेला टेकडीवर दिसते ते बेल टूट दीपगृह. १८३४ पासून ते उंचावर जळत होते, आणि उंचावर होते म्हणूनच धुक्यात बुडत होते. १९०२ मध्ये त्याचा दिवा विझवला. आज, १९०९ मध्ये, त्याच्यापुढे गवताचा ऐसपैस पट्टा आहे. तो पट्टा डोळे भरून बघून घ्या. नव्वद वर्षांत तो जवळजवळ संपेल आणि १९९९ साली ती अख्खी दगडी इमारत रुळांवरून १७ मीटर मागे ढकलावी लागेल. कड्यालगतचा डेव्हिल्स चिमनी नावाचा उंच सुळकाही आत्ता तुम्हाला दिसतो आहे. २००१ मध्ये तो कोसळेल.

पश्चिमेला पुढे सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या लाटा, आणि त्यांच्याही पलीकडे ब्रायटन. तिथल्याच किनाऱ्यावर, याच वर्षी, बॅरिस्टरीसाठी लंडनला आलेल्या सावरकरांना ती कविता सुचेल, जी पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांत गायली जाईल.

बर्लिंग गॅपला कडा इतका बुटका होतो की खाली उतरता येते. कोस्टगार्डच्या घरांची रांग ओलांडा (यातली काही पुढे काठ जवळ आल्यामुळे पाडावी लागतील) आणि ओहोटीला वाळूगोट्यांवर उभे राहून कड्याला हात लावा. बोटांना पीठ लागते. पांढऱ्यात काळ्या गारगोटीच्या आडव्या ओळी, वहीवर आखल्यासारख्या. नखाने थोडे खरवडले तर पाच पाकळ्यांची नक्षी असलेला एक दगड निघतो: समुद्री साळू, जागच्या जागी दगड झालेला. आणि भोवतीचा खडू म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांची कवचे. १८५७ मध्ये अटलांटिकच्या तळाचा गाळ काढला, त्यातल्या कणांना हक्सलींनीच नाव दिले, आणि १८६८ मध्ये नॉरिचच्या कामगारांना नुसत्या खडूच्या तुकड्यावर व्याख्यान देऊन हा सगळा इतिहास उलगडून सांगितला. विज्ञान सांगावे कसे, याचा इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

पण हा खडू किती वर्षांपूर्वीचा? हे १९०९ मध्ये तुम्हाला कोणी सांगू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी वारलेले भौतिकशास्त्रज्ञ केल्विन सांगून गेले की सगळ्या पृथ्वीचेच वय दोन ते चार कोटी वर्षे. गंमत अशी, की उत्तर शोधणारा मुलगा तुमच्याच कॉलेजात आहे. आर्थर होम्स, वय एकोणीस. दोन वर्षांनी तो युरेनियम आणि शिशाचे प्रमाण मोजून नॉर्वेतल्या एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढेल. त्याच वाटेने पुढे कळेल की तुमच्या बोटाला लागलेले पीठ सुमारे नऊ कोटी वर्षांचे, सेंटिमीटरभर थर साचायला शेकडो वर्षे लागलेले. तेव्हा सिंहगडचा काळा कातळ जन्मायलाही दोन कोटी वर्षे अवकाश होता, आणि ज्या भूमीवर तो ओतला जाणार होता ती भूमी दक्षिण गोलार्धात मादागास्करपासून तुटत होती. उद्या कॉलेजात होम्स दिसला तर ओळख करून घ्या.

आता वर्तमानात परत या. ब्रायटनच्या बाजूला शिकायला गेलेल्या मुलामुलींना एवढेच सांगायचे आहे: ईस्टबोर्नची बस धरा, रविवार मोडा, पण फोटोसाठी काठावर जाऊ नका. गवताखाली काही नसते. लाटांनी कडा खालून खाल्लेला असतो आणि पडण्याआधी तो आवाज करत नाही. खाली उतरायचे तर भरतीचे वेळापत्रक बघून, आणि कड्याला टेकून डबा खाऊ नका.