लादी उखडल्यावर ओल निघाली? आधी काम थांबवा

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला. सहा जणांचा जीव गेला. शहापूर-मुरबाडच्या ज्या मंडळींनी कल्याण-डोंबिवली, ठाण्यात जुने फ्लॅट घेतलेत, त्यांनी काम काढण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

जुनी लादी किंवा कपाट हटवलं की मागे काळी बुरशी दिसते. 'पुट्टी मारून टाकू', असं गवंडी म्हणतो. मारू देऊ नका. गळती बंद झाली नाही, तर बुरशी पुन्हा येणारच. दोष बहुधा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये किंवा भिंतीतल्या पाइपच्या जोडात असतो. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओता; खालच्या छताला रंग उतरला की चोर सापडला.

बुरशी कोरडी घासू नका, तिचे कण श्वासात जातात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचिंग पावडरमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो.

खरी भीती सळईची. पाणी मुरून सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. गंजकी सळई दिसली, की ब्रेकर तिथंच बंद. वरून सिमेंट लिंपून भागत नाही. सोसायटीला कळवा, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. जुन्या लादीवरच नवी बसवणं स्वस्त पडतं खरं, पण स्लॅबवरचं वजन वाढतं. महापालिका हद्दीत इमारत ३० वर्षांची झाली असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. सोसायटीकडे तो अहवाल आधी मागा.